माझदा : नाव रोटरीचं, पोट टेम्पोवर

चाकोरीबाहेर

माझदाचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. "रोटरी इंजिनवाली कंपनी ना?" (रोटरी म्हणजे वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं इंजिन.) आणि लगेच पुढे, "पण ती इंजिनं टिकत नाहीत." दोन्ही अर्धवट आहेत. रोटरीने या कंपनीला नाव मिळवून दिलं आणि एकदा जवळजवळ बुडवलंही. चूल पेटती ठेवली ती तीनचाकी टेम्पोने, पिकअपने आणि फॅमिलियासारख्या सरळसाध्या गाड्यांनी. धागा त्यासाठी काढतोय. इतिहास मी सुरू करतो, इंजिन उघडणाऱ्यांनी पुढचं सांगावं.

३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात तोयो कॉर्क कोग्यो, म्हणजे आजची माझदा, ही बुचाचा माल करणारी कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी सूत्रं जुजिरो मात्सुदांकडे आली. १९२५मध्ये कारखाना आगीत सापडला, बुचाच्या धंद्यातही फारसा दम उरला नव्हता, म्हणून मात्सुदांनी मोर्चा यंत्रांकडे वळवला. १९२७मध्ये नावातलं 'कॉर्क' गळलं. १९३१मध्ये माझदा-गो आली. पुढे मोटरसायकलचं हँडल, मागे मालाचा हौदा, खाली तीन चाकं. विक्री सुरुवातीला मित्सुबिशीच्या मार्फत व्हायची.

अणुबॉम्ब पडला तेव्हा कारखाना फुचूला होता, स्फोटाच्या केंद्रापासून साधारण ५ किलोमीटरवर. मध्ये हिजियामा नावाची टेकडी आली, तिने धक्का बराचसा झेलला आणि इमारती उभ्या राहिल्या. शहरात धड छप्पर असलेल्या जागाच कमी उरल्या होत्या. त्यामुळे जखमींवर उपचार कारखान्यात आणि प्रांताचा सरकारी कारभारही काही महिने तिथूनच. डिसेंबर १९४५मध्ये तीनचाकींचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. बॉम्ब पडून चार महिने होताहेत आणि टेम्पो बाहेर पडतोय! हिरोशिमात आजही या कंपनीबद्दल जो जिव्हाळा आहे त्याचं मूळ इथे आहे, ले मान्स या फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या चषकात नाही.

पहिली मोटारगाडी फार उशिरा, १९६०मध्ये. आर३६० कूपे, ३५६ सीसी, वजन अवघं ३८० किलो, किंमत ३ लाख येन.

मग रोटरीच्या वाटेला कशाला गेले? कारण सरकार. जपानचं उद्योग खातं तेव्हा म्हणत होतं की परदेशी गाड्यांसाठी दारं उघडण्याआधी देशातल्या लहान कंपन्या मोठ्यांत विलीन कराव्यात. तोयो कोग्योची गणना लहानांत होत होती. आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी असेल तरच वेगळं राहता येईल, हे जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदांनी ओळखलं आणि १९६१मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी वँकेल इंजिनाचा, म्हणजेच रोटरीचा, करार केला. म्हणजे हौस कमी, जीव वाचवायची धडपड जास्त.

त्रिकोणी_दट्ट्या

सुरुवात छान. इंजिनाचं मी घेतो.

वरखाली होणारा पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, कमरेत किंचित दबलेल्या लांबट पोकळीत फिरतो. रोटरच्या तीन टोकांवर तीन पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. त्यांचं काम पिस्टन रिंगचं. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. मीटरवर ९००० आरपीएम दिसत असले तरी रोटर ३०००नेच फिरतोय, हे लोक विसरतात.

एनएसयूचं इंजिन आणून चालवलं तर काही वेळाने हाउसिंगच्या, म्हणजे त्या पोकळीच्या कवचाच्या, आतल्या क्रोमच्या थरावर आडव्या लाटा उमटायच्या. माझदाचे लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनइची यामामोतोंच्या हाताखाली १९६३मध्ये रोटरीचा वेगळा विभाग झाला, सुरुवातीला ४७ माणसं. ओरखड्यांचं कारण पट्टीचा मऊ-कडकपणा एवढंच असेल असं आधी वाटलं होतं. निघालं वेगळंच. पट्टी आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवर थरथरत भिंतीवर आपटत पुढे जात होती. मग पट्टीच्या टोकाजवळ एकमेकांना छेदणारी आडवी-उभी भोकं पाडली, कंपनसंख्या बदलली, लाटा थांबल्या. विकायच्या गाडीत मात्र ही पट्टी गेली नाही. तिच्यासाठी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी निप्पॉन कार्बनबरोबर तयार केली. कार्बन स्वतःच थोडं वंगण देतो आणि समोरच्या क्रोमला खात नाही.

३० मे १९६७ला कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. १०ए इंजिन, ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती. एनएसयूची एक रोटरची गाडी संथ वेगात हिसके द्यायची, म्हणून माझदाने दोन रोटर घातले आणि हवा घेण्याची भोकं बाजूच्या भिंतीत नेली. पुढच्याच वर्षी दोन कॉस्मो नुर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासाला बाहेर पडली, तीही एक्सलमुळे, इंजिनामुळे नाही.

खडखडपूरकर

दोन भाबडे प्रश्न. इतकं साधं इंजिन, मग पेट्रोल का पितं? आणि तेल का जाळतं?

त्रिकोणी_दट्ट्या

पेट्रोल : जळण्याची जागा गोल आणि आटोपशीर नाही. लांब, चपटी, त्यात ती सरकतेय. आकारमानाच्या मानाने भिंती जास्त, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते आणि कडेचं मिश्रण अर्धंकच्चं राहून धुराड्यातून निघून जातं. म्हणून एका रोटरला दोन स्पार्क प्लग असतात. खालचा लीडिंग मुख्य काम करतो, वरचा ट्रेलिंग मागे राहिलेलं पेटवतो.

तेल : बिघाड नाही, रचना आहे. एपेक्स सीलला वंगण मिळावं म्हणून मीटरिंग पंप इंजिन ऑइलच थोडंथोडं आत सोडतो. ते जळणारच. ज्या रोटरीचं तेल अजिबात कमी होत नाही तिचीच काळजी करावी, पंप किंवा त्याच्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात.

जाता जाता, १३बी या माझदाच्या रोटरी इंजिनाचं माप ६५४ गुणिले २ म्हणजे १३०८ सीसी. जपानात करासाठी त्याला दीडने गुणतात, म्हणजे १९६२, आणि गाडी दोन लिटरच्या गटात बसते. "१३०० सीसीत एवढी ताकद" अशी फुशारकी मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चाकोरीबाहेर

आता पडझड. सत्तरच्या सुरुवातीला माझदाने अमेरिकेत जवळजवळ सगळं रोटरीवर लावलं, अगदी पिकअपसुद्धा रोटरीवर आणला. १९७३मध्ये तेलाचा भडका उडाला. त्याच सुमारास अमेरिकी पर्यावरण खात्याच्या चाचणीत रोटरी गाड्यांना गॅलनला १० ते ११ मैल असा आकडा मिळाला, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास. गाड्या गोदामात पडून राहिल्या. सुमितोमो बँकेने हात दिला, पण आपली माणसं आणून बसवली. कारखान्यातल्या हजारो लोकांना विक्रेत्यांकडे गाड्या विकायला धाडलं. मात्सुदा घराण्याच्या हातून कारभार १९७७मध्ये सुटला आणि १९७९मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला. फोर्डशी ओळख जुनीच होती, आणि तीही रोटरीची नाही. माझदाचाच पिकअप अमेरिकेत फोर्ड कुरियर म्हणून विकला जात होता.

सावरलं कुणी? १९८०च्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या फॅमिलियाने. जपानचा पहिला 'कार ऑफ द इयर' तिला मिळाला. गंमत म्हणजे फॅमिलियाचा जन्म १९६३चा आणि पहिलं रूप मालवाहू व्हॅनचंच! १९६६च्या बोंगो व्हॅनचं नाव तर जपानात त्या धाटणीच्या कुठल्याही व्हॅनला चिकटलं. कोरियात किआने पहिली तीनचाकी केली ती माझदाच्या परवान्यावर, बोंगोही तिथूनच नेली.

हौदा_गच्च

टेम्पोचं निघालंच आहे तर आपल्याकडचं सांगतो. माझदाने भारतात अधिकृतपणे मोटारगाडी कधी विकली नाही, तरी महाराष्ट्रात हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. कारण स्वराज माझदा. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांचा हा भागीदारीतला उद्योग, कारखाना पंजाबात रोपडजवळ आसरोनला. ऐंशीच्या मध्यावर अशा चार जोड्या एकदम आल्या : डीसीएम टोयोटा, ऑलविन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि ही. समोर पुण्याहून १९८६मध्ये टाटा ४०७ उतरला. चारही जपानी गाड्या चालवायला हलक्या, पण सुटे भाग येनच्या भावाशी बांधलेले आणि येन नेमका त्याच काळात वधारला. ४०७चा भाग कुठल्याही हायवेच्या गावात मिळायचा.

तरी स्वराज माझदा टिकली, ती शाळेच्या बसच्या आणि रुग्णवाहिकेच्या रूपात. माझदा पुढे भागीदारीतून निघून गेली, इसुझू आली, २०११मध्ये नाव एसएमएल इसुझू झालं आणि २०२५मध्ये महिंद्राने कंपनी घेतली. नाव जाऊन इतकी वर्षं झाली तरी स्टँडवर "माझदा लावली का?" हेच चालतं.

सेकंडहँड_जवाहिर

मेलबर्नमध्ये माझदाच्या रोटरीवाल्या आरएक्स-८ फार स्वस्त दिसतात. २००४ ते २००८च्या. चार दारं, ९००० आरपीएम, दिसायला देखणी. घ्यावी का? कुणी ठोस सांगेल का काय बघायचं?

ग्रीसगन

स्वस्त आहेत त्याला कारण आहे. क्रमाने सांगतो.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा की आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू करा, तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. थंड असताना पटकन आणि गरम झाल्यावर रडतखडत सुरू होणं म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण दाबून धरायची ताकद, गेलेलं. हे सगळ्यात खात्रीचं लक्षण. काही विक्रेते जास्त वेगाने फिरणारा स्टार्टर लावून ते झाकतात, म्हणून आकडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आकडे कसे घ्यायचे : कॉम्प्रेशन मोजायचा नेहमीचा पिस्टनवाला गेज एकच आकडा देतो, तोही तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी गाडी पास! रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, तो प्रत्येक रोटरचे तीन असे सहा आकडे देतो. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी आणि आकडे २५० आरपीएमला बसवून वाचायचे. ६८० किलोपास्कलच्या खाली इंजिन बाद. एकाच रोटरच्या तीन आकड्यांत १५० पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त नको. टेस्टर मिळत नसेल तर साध्या गेजमधला एकमार्गी व्हॉल्व्ह काढून इंजिन फिरवा आणि काटा बघा. तीन सारख्या उड्या म्हणजे निदान तिन्ही बाजू जिवंत आहेत. दोन मोठ्या नि एक बारकी उडी दिसली की रामराम करा.

आता ही इंजिनं का जातात, ते. बहुतेक वेळा सुरुवात एपेक्स सीलपासून होत नाही, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलपासून होते. चार कॉइल असतात आणि ५०,००० किलोमीटरच्या आसपास त्या मंदावतात. ठिणगी कमजोर, पेट्रोल अर्धंकच्चं, ते धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो, गरम वायू मागे इंजिनातच कोंडतो आणि मग सीलच्या स्प्रिंगा ताण सोडतात. मालक म्हणतो रोटरी बेभरवशाची. वेळेवर चार कॉइल बदलल्या असत्या तर निम्म्या गाड्या वाचल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. चारही एकदम बदला, वायर आणि प्लगसकट. प्लग दोन प्रकारचे असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. त्यांची अदलाबदल करू नका.

दुसरी खोड, पूर येणं. थंड गाडी सुरू करून गेटपासून पार्किंगपर्यंत सरकवली आणि बंद केली की आत पेट्रोल साचतं, सीलवरचं तेल धुऊन जातं, कॉम्प्रेशन पडतं आणि पुढच्या वेळी गाडी नुसती फिरत राहते. उपाय :

ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि ५ ते १० सेकंद स्टार्टर मारा. त्या अवस्थेत इंजेक्टर पेट्रोल सोडत नाहीत. दोनतीनदा करून नाहीच झालं तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलची जोडणी सोडा, खालचे लीडिंग प्लग काढा. हात डाव्या पुढच्या चाकाच्या बाजूने जातो. मग स्टार्टर मारून आतलं पेट्रोल बाहेर उडवा. आसपास ठिणगी, विडीकाडी काही नको. प्रत्येक भोकात थोडंसं टू-स्ट्रोक ऑइल सोडा म्हणजे सील परत धरतील. प्लग कोरडे करून लावा, फ्यूज आणि जोडण्या पूर्ववत करा, बॅटरी चार्ज करून सुरू करा. भरपूर पांढरा धूर येईल, घाबरू नका. हे टाळायचं असेल तर एकच नियम : सुरू केली की पूर्ण गरम होईपर्यंत बंद करायची नाही.

त्रिकोणी_दट्ट्या

ग्रीसगनशी सहमत, एक भर. २००८पर्यंतच्या रेनेसिस इंजिनात, म्हणजे आरएक्स-८च्या इंजिनात, प्रत्येक रोटरला तेलाच्या दोनच नळ्या आहेत, त्यामुळे एपेक्स सीलच्या मधल्या भागाला वंगण कमी पोचतं. २००९पासून तिसरी नळी आणि विजेवर चालणारा पंप आला. परवडत असेल तर नंतरचीच घ्या. आधीची असेल तर पेट्रोलमध्ये लिटरला सुमारे ४ मिली, राख न सोडणारं चांगल्या प्रतीचं टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. मूळ पंप बंद करू नका. इंजिन ऑइल ५००० किलोमीटरला बदला आणि दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघा. दिवा लागायची वाट पाहू नका.

अमेरिकेत इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी माझदाला ८ वर्षं किंवा १ लाख मैल करावी लागली, तेव्हा तक्रारी हवेतल्या नव्हत्या हेही खरं. सगळं खापर मालकांवर नको.

ग्रीसगन

मान्य. वॉरंटीवाला मुद्दा खोडता येत नाही.

त्याआधीच्या आरएक्स-७ची, म्हणजे १९९१ ते २००२च्या एफडीची, कथा वेगळी. तिथे सगळ्यात स्वस्त भागाने सगळ्यात महाग भाग मारला. कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची छोटी टाकी बॉनेटखालच्या उष्णतेने ठिसूळ होते आणि शिवणीवर चिरते. पाणी हळूहळू जातं, इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हाउसिंग आणि लोखंडी बाजूच्या भिंती कमीजास्त फुगतात आणि मधल्या रबरी कूलंट रिंगा दाबल्या जातात. मग सकाळी सुरू करताना पांढरा गोडसर धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. इथपर्यंत आलं की इंजिन खाली उतरवणंच आलं. उपाय फक्त एक, ती टाकी ॲल्युमिनियमची बसवायची. प्लॅस्टिकची मूळ टाकी शाबूत दिसली तरी विश्वास ठेवू नका.

आणि टर्बोचा दाब वाढवायचा मोह झाला तर आठवण ठेवा, या सीलची जाडी २ मिलिमीटर आहे. एकदा नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण अवेळी धडकन पेटलं, की तुकडा पडतो, हाउसिंग ओरबाडतो आणि जाताजाता टर्बाइनची पातीही घेऊन जातो.

खडखडपूरकर

ले मान्सबद्दल कुणीच बोललं नाही? १९९१ला जिंकले आणि पुढच्या वर्षी रोटरीवर बंदी घातली, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

पिटलेन

ही लोणकढी थाप आहे. ३.५ लिटरच्या साध्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता, माझदा जिंकली म्हणून घाईने आणलेला नाही. १९९१ हे रोटरीचं शेवटचं वर्ष असणार हे शर्यतीआधीच माहीत होतं.

जिंकण्यामागचा खरा डाव कागदावरचा होता. माझदाच्या ७८७बी गाडीला ८३० किलो वजनाची परवानगी मिळाली, तर मर्सिडीज आणि जॅग्वार १००० किलोवर धावत होत्या. माझदाच्या संघाने त्यासाठी नियामकांकडे चिकाटीने पाठपुरावा केला होता. ७८७बीचं चार रोटरचं इंजिन २.६ लिटरचं, साधारण ७०० अश्वशक्ती, प्रत्येक रोटरला तीन प्लग, सिरॅमिकचे एपेक्स सील, आणि हवा घेणाऱ्या नळ्यांची लांबी वेगानुसार बदलणारी. हर्बर्ट, वायडलर, गाशो या तिघांनी ५५ क्रमांकाची गाडी ३६२ फेऱ्या पळवली. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या तासांत तापून थांबली. हर्बर्टला तर अंगातलं पाणी कमी झाल्याने बक्षिसाच्या व्यासपीठावरही जाता आलं नाही. जपानी कंपनीचा दुसरा विजय थेट २०१८ला, टोयोटाचा.

म्हणजे जिथे चोवीस तास पूर्ण ताकदीने चालायचं होतं तिथे हे इंजिन टिकलं. बाजारहाटाला नेताना बिघडलं.

चाकोरीबाहेर

आणि त्या विजयाचा गल्ल्यात फारसा उपयोग झाला नाही. १९८९पासून माझदाने जपानात पाच वेगवेगळ्या नावांची विक्रीजाळी उघडली होती : माझदा, युनोस, ऑटोझॅम, आन्फिनी, ऑटोरामा. एकाच गाडीची बहीण तीन दुकानांत तीन नावांनी. जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यावर ते सगळं अंगावर आलं. गाड्या खपवायला जबर सूट द्यायला लागले, त्यामुळे जुन्या माझदाला बाजारात भाव उरला नाही. मग गाडी बदलायची तर बरा भाव फक्त माझदाचाच विक्रेता देणार, म्हणून पुन्हा माझदाच घ्यायची. जपानी लोक याला सरळ 'माझदा नरक' म्हणायचे. मला विचाराल तर एपेक्स सीलपेक्षा या प्रकाराने कंपनीची पत जास्त घालवली. १९९६मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, जपानी मोटार कंपनीवर बसलेले पहिले परदेशी.

त्याच १९८९मध्ये आलेली एमएक्स-५ मात्र खरं सोनं निघाली. हलकी, पिस्टनवाली, मागच्या चाकांवर चालणारी. २०१६मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला.

हौदा_गच्च

आणि स्कायॲक्टिव्ह, म्हणजे माझदाची नवी पिस्टनवाली इंजिनं? हल्लीच्या माझदावाल्यांना रोटरीशी घेणंदेणं नसतं, त्यांच्याकडे सीएक्स-५ असते.

ग्रीसगन

पेट्रोल इंजिनात २०११पासून १४:१ कॉम्प्रेशन, अमेरिकेत साध्या पेट्रोलसाठी १३:१. एवढ्या दाबाला नॉकिंग होऊ नये म्हणून लांबलचक ४-२-१ एक्झॉस्ट दिलाय, आधीच्या स्फोटाचा गरम वायू आत उरू नये यासाठी. हे इंजिन दणकट आहे, वेळेवर तेल बदला आणि विसरा.

डिझेलबाबत सावध. तिथेही कॉम्प्रेशन १४:१, डिझेलच्या मानाने कमी, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात पण काजळी सांभाळावी लागते. रोज पाचसात किलोमीटरच चालणारी गाडी असेल तर काजळीची जाळी जाळून साफ व्हायचं काम अर्ध्यावर राहतं, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं आणि तेलाची पातळी वाढते. डिपस्टिकवर कमाल खुणेच्या वर फुलीची खूण दिसेल. तेल तिथे पोचलं की किलोमीटर न मोजता लगेच बदला. तेल कमी झालं नाही म्हणून खूश होणारे इथेच फसतात.

त्रिकोणी_दट्ट्या

रोटरी परत आलीय, तेही सांगून टाकतो. २०२३च्या एमएक्स-३० आर-ईव्हीमध्ये ८३० सीसीचा एकच रोटर आहे, चाकांना न जोडलेला. तो फक्त वीज तयार करतो. १७.८ किलोवॉट-तासाची बॅटरी, ५० लिटरची टाकी. पेट्रोल थेट आत फवारलं जातं, बाजूच्या भिंती ॲल्युमिनियमच्या आणि एपेक्स सील २ वरून २.५ मिलिमीटर जाड केले. संथ वेगातली कुरकूर, थंड इंजिन सरकवून बंद करणं, हे सगळं आता संगणकाच्या हातात.

सेकंडहँड_जवाहिर

सगळ्यांचे आभार. २००९ नंतरची एक बघतोय, टेस्टर असलेलं गॅरेज शोधलंय. सहा आकडे आले की इथे टाकतो.

ग्रीसगन

आकड्यांबरोबर स्टार्टर किती आरपीएमने फिरत होता तेही टाका. त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.